पाळकांनी कुणाजवळ बोलायचं?

(नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून पत्र थोडक्यात देत आहे.)

सलाम. माझे पती चर्चचे पाळक आहेत. लग्नाला 14 वर्षं झाली, 11 वर्षांची एक मुलगी आहे. चर्चच्या कंपाउंडमधल्या पार्सोनेजमध्ये, म्हणजे पाळकाच्या घरात, आम्ही राहतो. दोन वर्षांपूर्वी मला कळलं, की रात्री उशिरापर्यंत संदेशाची (रविवारच्या प्रवचनाची) तयारी चालते असं मी समजत होते, तेव्हा ते फोनवर तसले व्हिडिओ बघत असतात. विचारलं तर ढसाढसा रडले, गुडघे टेकून पुन्हा नाही म्हणाले. तीन महिने बरे गेले, मग परत तेच. उपास केले, एका सुवार्तिकांकडे जाऊन सुटकेची प्रार्थना करून घेतली. पंधरा दिवसही टिकलं नाही. आता म्हणतात, हा सैतानाचा हल्ला आहे आणि तू प्रार्थनेत कमी पडतेस.

उन्हाळ्यात तरुण संघाचं शिबिर झालं. तिथे 17 वर्षांचा एक मुलगा यांच्याजवळ एकटा येऊन रडत बोलला, की त्याला हीच सवय आहे. यांनी त्याला फार सुनावलं. पुढच्या रविवारी नाव न घेता, पण त्याला कळेल असा, त्याच विषयावर संदेश दिला. मुलगा चर्चला यायचा बंद झाला. त्याची आई विचारते, पाळकीणबाई, काय झालं हो? मी काय सांगू?

कमिटीत दोन गट आहेत. बाहेर कळलं तर सेवा आणि घर दोन्ही जाईल. मीच कुठे कमी पडले का? हे पाप आहे की आजार? यांच्या हातून प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेताना माझा हात थरथरतो, घ्यावं की नको? मुलगी शाळेचा अभ्यास यांच्याच फोनवर करते, त्या भीतीने मी रोज चोरून फोन तपासते. कुणाला सांगू?
– एक पाळकीण

ताई, सलाम.

तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देते, कारण त्यात विचार करायला थांबावं असं काही नाही. तुम्ही कुठेही कमी पडलेला नाहीत. रूपात नाही, संसारात नाही, प्रार्थनेतही नाही. ही सवय बहुतेक पुरुषांना शाळा-कॉलेजच्या वयातच लागलेली असते. लग्न झालं की सुटेल, असं त्यांनाही वाटत असतं. सुटत नाही, कारण तिचा संबंध शरीराच्या भुकेपेक्षा ताण, एकटेपणा आणि झोप न येणाऱ्या रात्रींशी जास्त असतो. 'तू प्रार्थनेत कमी पडतेस' हे वाक्य वाचून मला राग आला. आपल्या वागण्याचा दोष बायकोच्या माथी मारणं हा तुमच्यावर झालेला वेगळा अन्याय आहे. तो त्यांनी थांबवायला हवा, आणि तसं तुम्ही त्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

असं घर जगात आपलं एकच असेल, असं तुम्हाला वाटत असणार. अमेरिकेत चर्चविषयक पाहण्या करणाऱ्या बार्ना ग्रूप या संस्थेने 2016 साली पाळकांनाच थेट विचारलं होतं. 57 टक्के पाळकांनी आणि तरुणांमध्ये सेवा करणाऱ्या 64 टक्के पाळकांनी मान्य केलं, की पॉर्नशी आपला झगडा आज चालू आहे किंवा पूर्वी होता. आजही चालू आहे असं सांगणारे पाळक 14 टक्के निघाले, तर तरुणांचे पाळक 21 टक्के. 2022 च्या ऑक्टोबरात पोप फ्रान्सिस रोममध्ये शिकणाऱ्या धर्मगुरूंशी आणि सेमिनरीच्या विद्यार्थ्यांशी बोलताना म्हणाले, की हा दुर्गुण पुष्कळांमध्ये आहे, धर्मगुरू आणि नन्समध्येही आहे. फोनवर असेल तर काढून टाका. अमेरिकेतले आकडे आपल्या मराठी मंडळ्यांना, म्हणजे चर्चांना, जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि खेड्यातल्या पाळकाच्या हातातही तोच फोन आला. बायबल त्यात, संदेशाची टिपणं त्यात, प्रार्थनेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप त्यात, आणि बाकी सगळंही त्यातच. आपल्याकडे मात्र हा विषय चर्चमध्ये निघतो तो बहुतेक तरुण पोरांना दटावण्यापुरता. दटावणाऱ्याचं काय, हे कुणी विचारत नाही.

पाप की आजार, असं तुम्ही विचारता. यातलं एकच काहीतरी असायला हवं असं मला वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-11, 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. लैंगिक वर्तन आवरताच न येण्याचा विकार तिच्यात नोंदलेला आहे आणि पॉर्न न सुटणं त्यात बसू शकतं. दारू-गांजाच्या व्यसनांसोबत तो घातलेला नाही. मनातली अनिवार ओढ रोखता न येण्याचे जे विकार आहेत, त्यांत ठेवलेला आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ हे चाललेलं असणं, सोडायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं, तब्येत-घर-कामाकडे दुर्लक्ष होणं, नुकसान दिसत असूनही आणि फारसं सुखही मिळत नसताना चालूच राहणं, या त्याच्या खुणा. त्याच नोंदीत एक इशाराही दिला आहे: माणसाला होणारा त्रास निव्वळ 'हे वाईट आहे' या नैतिक टोचणीतूनच येत असेल, तर तेवढ्यावर हे निदान करू नये.

हा इशारा आपल्यासारख्या श्रद्धाळू लोकांच्या फार कामाचा आहे. जोशुआ ग्रब्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की माणूस स्वतःला पॉर्नचा व्यसनी समजतो की नाही, हे तो किती पाहतो यावरच ठरत नाही. आपण पाहतो ते आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध आहे ही बोचणी जितकी मोठी, तितकं स्वतःला व्यसनी मानणं वाढतं. म्हणजे चर्चमधला एखादा मुलगा महिन्यातून एकदा घसरतो आणि आपण कायमचे बरबाद झालो असं समजतो. आणि दुसरीकडे एखादा मोठा माणूस खरोखर विकाराच्या विळख्यात असतो, पण 'सैतानाचा हल्ला' म्हणत डॉक्टरची पायरी चढत नाही. तुमच्या शिबिरातला मुलगा पहिल्यासारखा असू शकेल. तुमचे पती दुसऱ्यासारखे असावेत, अशी मला शंका येते. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण दोन वर्षं, वारंवार फसलेले प्रयत्न, गेलेली झोप, संसारात पडलेली भेग, हे सगळं मानसोपचारतज्ज्ञाने पाहावं असं नक्की आहे. निदान काहीही निघालं, तरी त्या मुलाशी आणि तुमच्याशी ते जसे वागले त्याची जबाबदारी त्यांच्यावरच राहील.

उपास आणि सुटकेची प्रार्थना यांचा उपयोग का झाला नाही, हे समजून घ्या, कारण त्या अपयशानेच त्यांना जास्त खचवलं असेल. पाळकाचा रविवार आठवा. सकाळची उपासना, मग दवाखान्यात कुणाची भेट, दुपारी कमिटीची बैठक आणि तिथली भांडणं, संध्याकाळी दुसऱ्या गावची सभा. दिवसभर सगळ्यांसाठी उभा असलेला माणूस रात्री घरी येतो तेव्हा घर झोपलेलं असतं आणि त्याचं डोकं भणभणत असतं. हात फोनकडे जातो. नंतर लाज, मग मोठा नवस केल्यासारखा निश्चय, मग उपास. उपाशी, अर्धवट झोपलेलं शरीर आणखी थकतं, आणि थकलेल्या शरीरावर परत तीच रात्र येते. प्रार्थना सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. पण एका बैठकीत हात ठेवला आणि सगळं संपलं, अशी आशा त्यांना दाखवली गेली. पंधरा दिवसांनी पाय घसरला तेव्हा देवानेच आपल्याला टाकलं, असा अर्थ त्यांनी काढला असेल. उपचार करणारा समुपदेशक अशा घसरण्याला घाबरत नाही. किती वाजता, कुठल्या खोलीत, त्याआधी दिवसात काय घडलं होतं, हे तो विचारतो आणि तिथून कामाला लागतो. 2016 साली अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 28 पुरुषांपैकी ज्यांना 12 बैठकांची उपचारपद्धती मिळाली, त्यांचं पाहणं 93 टक्क्यांनी कमी झालं. मनात ओढ उठली की तिच्याशी कुस्ती न खेळता ती येऊन जाऊ देणं आणि आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं त्याकडे वळणं, हे त्यांना शिकवलं होतं. अभ्यास लहान आहे, पण हे सुटू शकतं एवढं त्यावरून कळतं.

घरात आजपासून करता येण्यासारखं थोडं आहे. रात्री दहानंतर स्मार्टफोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. पाळकाला रात्री-अपरात्री मरणाची बातमी येते, फोन बंद ठेवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी साधा बटणांचा फोन घ्यावा आणि तो नंबर मंडळीला द्यावा. संदेशाची तयारी दिवसा, चर्चच्या ऑफिसात, दार उघडं ठेवून, कागदावर. रविवारची संध्याकाळची सभा महिन्यातून दोनदा तरी दुसऱ्या कुणाकडे सोपवावी आणि सोमवारी खरी सुट्टी घ्यावी.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न, कुणाला सांगू? खरं तर हा प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता. कॅथलिक धर्मगुरूला स्वतःलाही पापनिवेदनाला जावं लागतं, आणि ऐकणाऱ्या धर्मगुरूने ते बाहेर फोडलं तर त्याच्यावर चर्चबाहेर काढलं जाण्याची वेळ येते. वसईतल्या कुठल्याही फादरना विचारा, ते सांगतील. म्हणून त्यांच्याकडे सगळं आलबेल आहे असं नाही. पण बोलायची एक जागा तरी ठरलेली आहे. आपण प्रॉटेस्टंटांनी 'एकमेकांजवळ पापं कबूल करा' हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन संदेशात ठेवलं, आणि पाळकाने ते कुणाजवळ करायचं याची काहीच सोय केली नाही. ज्याच्याजवळ मन मोकळं करायचं, तोच बदलीच्या कागदावर सही करणार. ज्या कमिटीला सांगायचं, तिच्याच हातात राहत्या घराची किल्ली. अशा व्यवस्थेत कुठला पाळक तोंड उघडेल? तुमच्या पतीचा दोष मी कमी करत नाही. पण त्यांना लपवायला शिकवण्यात आपल्या मंडळ्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपण कधीतरी मान्य करायला हवा. प्रत्येक डायसिसने (बिशपच्या हाताखालच्या विभागाने), प्रत्येक मिशनने पाळकांसाठी बाहेरचा, पगार-बदलीशी संबंध नसलेला समुपदेशक ठेवला तर त्याचा खर्च एका संमेलनाच्या मांडवापेक्षा जास्त होणार नाही.

ती सोय होईपर्यंत दोन माणसं शोधायची. एक, डॉक्टर. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. स्वतःच्या गावात नको वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा. तिथे सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 ने घातलं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथून करायला हरकत नाही. दुसरा, एक वडीलधारा माणूस, शक्यतो निवृत्त पाळक, दुसऱ्या डायसिसचा किंवा दुसऱ्या पंथाचा, ज्याचा तुमच्या पतीच्या पगाराशी आणि बदलीशी काडीचाही संबंध नाही. दर आठवड्याला ठरल्या वेळी तो त्यांना विचारेल आणि ते खरं सांगतील. ऐकून हादरणारा नको, आणि 'चालतंय हो, सगळेच बघतात' म्हणणाराही नको.

कमिटीकडे आत्ता जाऊ नका. दोन गट आहेत म्हणता, तर ते माकडाच्या हाती कोलीत होईल, आणि त्यात सगळ्यात आधी तुम्ही आणि मुलगी होरपळाल. पण हे कायमचं झाकून ठेवा, असंही मी सांगणार नाही. पतीला तीन महिन्यांची मुदत द्या. तेवढ्यात त्यांनी डॉक्टर आणि असा माणूस, दोन्ही गाठले नाहीत, तर बिशपसाहेबांकडे तुम्ही जाल, हे आधीच सांगून ठेवा. आणि वेळ आली तर खरंच जा. तरुण संघाची जबाबदारी आणि मुलांशी एकट्याने बोलणं मात्र त्यांनी लगेच सोडावं. कामाचा ताण आहे एवढं कारण पुरे, ते खोटंही नाही. त्यांच्याशी बोलायला शनिवारची रात्र निवडू नका. मुलगी शाळेत असताना, दिवसाउजेडी, दोघंच बसून बोला. बायबलमधला नाथान संदेष्टा दाविद राजाला त्याचं पाप सांगायला गेला तेव्हा त्याने चावडी भरवली नाही, समोरासमोर बोलला; पण जे बोलायचं ते एक शब्दही न गिळता बोलला.

इथपर्यंत मी मोठ्या माणसाने मोठ्या माणसांचे व्हिडिओ पाहणं, एवढंच धरून लिहिलं. त्यापलीकडे काही आहे का, हे तुम्ही त्यांना सरळ विचारायला हवं. लहान मुलांचं तसलं काही पाहणं किंवा साठवणं असेल तर तो गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात हे अगदी स्पष्ट केलं आहे. तिथे तीन महिन्यांची मुदत नाही आणि गुप्तताही नाही. मंडळीतल्या एखाद्या स्त्रीशी किंवा मुलीशी त्यांचं वागणं बदललं असेल, मेसेज जात असतील, तर त्याच दिवशी वरिष्ठांकडे जायचं आणि आधी त्या स्त्रीची काळजी घ्यायची. ती मुलगी अल्पवयीन असेल तर चर्चच्या वरिष्ठांवर थांबायचं नाही, पोलिसांकडे जायचं. व्हिडिओ कॉलवर फसवून कुणी पैसे उकळत असेल तर पैसे देऊ नका, 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. अब्रूच्या भीतीने गप्प बसणारे लोकच या टोळ्यांना हवे असतात. आणि तुमच्यावर घरात कसली बळजबरी होत असेल, तर नवरा असला, पाळक असला, तरी नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. 181 हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे.

त्या मुलाबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात मोठी जखम त्याला झाली आहे आणि त्याची बाजू घेणारं अजून कुणी नाही. 17 वर्षांच्या पोराने जे केलं त्याला मोठं धैर्य लागतं. याकोब सांगतो तेच त्याने केलं, आणि ज्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता त्यांच्याजवळ केलं. त्याला बदल्यात शिव्या मिळाल्या, आणि आठवड्याभरात त्याचं गुपित संदेश होऊन चर्चभर वाजलं. कुणाला नाव कळलं नसेल. त्याला तर कळलं. पुन्हा कुणाजवळ काही बोलायचं नाही, एवढाच धडा तो घेऊन गेला. या वयात लाजेचं ओझं पोरं एकट्याने वाहायला लागली की काय होऊ शकतं, हे आपण सगळ्यांनी आपापल्या गावात पाहिलेलं आहे. म्हणून याला तीन महिने नाहीत. याच आठवड्यात तुमच्या पतीने त्याला भेटावं.

त्याच्या घरी आईसमोर नको, गुपित त्याचं आहे आणि ते जपायचं आहे. तो म्हणेल तिथे, तो म्हणेल त्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन. 'तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी तो मोडला, चूक माझी होती', एवढं बोलावं आणि त्याने काही ऐकवलं तर खाली मान घालून ऐकावं. स्वतःची सवय त्याला सांगावी का? माझं मत, नाही. पोराच्या डोक्यावर पाळकाचं ओझं टाकायचं नाही. चर्चला परत ये, अशी गळही घालू नये. पुढच्या रविवारी मात्र सगळ्यांसमोर म्हणावं, की मागे एका विषयावर मी कठोर आणि चुकीच्या रीतीने बोललो, आणि माझ्याजवळ खासगीत सांगितलेली कुणाचीही गोष्ट यापुढे या व्यासपीठावर येणार नाही. तेवढं तो कुणाकडून तरी ऐकेल.

आईला तुम्ही सांगा, की मुलाने काही वाईट केलेलं नाही, साहेबांच्या बोलण्याने त्याचं मन दुखावलं आहे आणि ते स्वतः त्याला भेटणार आहेत. यात खोटं काही नाही आणि मुलाचं गुपितही फुटत नाही. त्याला प्रश्न विचारून भंडावू नका, पण तो नीट जेवतो का, झोपतो का, याकडे लक्ष ठेवा, असंही सांगा. जगून काय उपयोग, अशा अर्थाचं काही त्याच्या बोलण्यात आलं तर त्याच दिवशी 14416 लावायचा आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

प्रभुभोजनाबद्दल. हा प्रश्न तुमच्या आधी चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांना पडला होता. रोमन बादशहाच्या छळाच्या वेळी काही बिशपांनी जीव वाचवायला पवित्र शास्त्राच्या प्रती शिपायांच्या हवाली केल्या होत्या. अशांच्या हातचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन बाटलेलं आहे, असं म्हणून दोनातपंथीय वेगळे झाले. तिथल्याच हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टिन त्यांच्याशी वर्षानुवर्षं वाद घालत राहिला. त्याचं म्हणणं होतं, की हे दान ख्रिस्ताचं आहे, देणाऱ्या हाताच्या योग्यतेवर ते टिकून नाही. 1571 सालच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) श्रद्धा-कलमांतलं 26 वं कलम तेच सांगतं, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया एकत्र आलं तेव्हा त्यात येणाऱ्यांपैकी एक अँग्लिकन चर्चच होतं. तेव्हा तुम्ही निःशंक मनाने घ्या. पण त्याच कलमाचा पुढचा भाग आपल्याकडे कमी वाचला जातो: दुराचारी सेवकाची चौकशी व्हावी आणि दोषी ठरला तर त्याला पदावरून दूर करावं, हेही मंडळीच्या शिस्तीचं काम आहे. भाकर खरी आहे म्हणून पाळकाला कुणी विचारायचंच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. एखाद्या रविवारी हात फारच थरथरला तर बाकावर बसून राहा. कुणाला कारण सांगायची गरज नाही.

राहिला फोन. चोरून तपासणं थांबवा. त्यातून त्यांची सवय सुटणार नाही, तुमची झोप मात्र जाईल, आणि नवरा-बायकोचं नातं चोर-पोलिसाचं होऊन बसेल. फोनमध्ये काय पाहिलं याचा अहवाल दुसऱ्याला पाठवणारी अ‍ॅप्स मिळतात. तसलं काही लावायचं ठरलं तर तो अहवाल त्या वडीलधाऱ्या माणसाकडे जाऊ दे, तुमच्याकडे नको. तुम्ही आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, त्यांना विचारा आणि त्यांनी खरं सांगावं, एवढंच तुमच्या दोघांत असू दे. मुलीचा अभ्यास मात्र आजपासून त्या फोनवर नको. तुमचा फोन द्या, नाहीतर शाळेत सांगून वही-पुस्तकावर भागवा. तिला कारण विचारावंसं वाटलं तर 'बाबांच्या फोनवर मोठ्यांची कामं असतात' एवढं सध्या पुरे.

आणि तुम्हालाही कुणीतरी हवं. बहीण, कॉलेजची मैत्रीण, कंपाउंडच्या बाहेरची एखादी समुपदेशक, कुणीही. महिला सभेत इतक्या जणी तुमच्याजवळ येऊन रडत असतील, तुम्ही कुणाजवळ रडलात याचा पत्रात उल्लेख नाही. 14416 पतीसाठी लावाल तेव्हा एक फोन स्वतःसाठीही लावा.